डेटा व्हिज्युअलायझेशनमध्ये पदव्युत्तर शिक्षण : पैशाचे चीज होईल असा अभ्यासक्रम कसा शोधावा?

आडवीउभी

नमस्कार. मी पुणे विद्यापीठातून संख्याशास्त्रात एम.एस्सी. केले असून सध्या खराडीतल्या एका कंपनीत विश्लेषक म्हणून काम करते. कामाचा मोठा भाग डॅशबोर्ड (एकाच पडद्यावर मांडलेले आलेख आणि आकडे) बनवण्यात जातो. आकडे बरोबर असतात, परंतु ज्या बैठकीसाठी ते मांडले जातात तिथल्या माणसांना त्यांतून नेमके काय उमगते, हे मला खात्रीने सांगता येत नाही आणि आमच्याकडे ते तपासून सांगणारेही कोणी नाही. म्हणून डेटा व्हिज्युअलायझेशनचे, म्हणजे आकडे आलेख-नकाशांतून मांडण्याचे, रीतसर पदव्युत्तर शिक्षण घ्यावे असे मनात आहे.

शोधायला बसले की नावे पुष्कळ सापडतात, पण बहुतेक याद्या जाहिरातीसारख्या वाटतात आणि शुल्काचे आकडे पाहून छाती दडपते. बचत आणि कर्ज मिळून पंधरा लाखांपर्यंत खर्च करण्याची माझी तयारी आहे. आई-वडिलांचे सिंहगड रस्त्यावरचे घर तारण ठेवायचे नाही, हे आम्ही घरात आधीच ठरवले आहे. या मर्यादेत परदेशात, भारतात किंवा ऑनलाइन असे काय करता येईल, आणि स्वस्त पण निकस अभ्यासक्रम आधीच कसा ओळखावा, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

रेघोटी

शुल्काकडे वळण्यापूर्वी तुम्ही एक विभागणी करावी असे सुचवते, कारण या एका पाटीखाली तीन निरनिराळी घराणी नांदतात आणि एकाच्या गायकीची तालीम दुसऱ्याकडे मिळत नाही. पहिले घराणे डिझाइनच्या शाळांचे : न्यूयॉर्कचे पार्सन्स, बाल्टिमोरचे मायका हे कलामहाविद्यालय, लंडन कॉलेज ऑफ कम्युनिकेशनचा एम.ए., आणि आपल्याकडे राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या म्हणजे एनआयडीच्या बंगळुरू केंद्रातला इन्फर्मेशन डिझाइनचा एम.डेस. दुसरे घराणे संगणकशास्त्राचे : व्हिएन्नाचे तांत्रिक विद्यापीठ, अमेरिकेतले युटा विद्यापीठ, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था म्हणजे आयआयएससी. तिसरे घराणे विश्लेषणाचे. तिथे संख्याशास्त्र आणि प्रोग्रॅमिंग पाया म्हणून असते आणि व्हिज्युअलायझेशन हा त्यावरचा मजला असतो. न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक विद्यापीठाचे म्हणजे क्युनीचे ग्रॅज्युएट सेंटर, प्रॅट इन्स्टिट्यूट आणि जॉर्जिया टेकचा ऑनलाइन अभ्यासक्रम ही त्याची उदाहरणे. बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाचा अभ्यासक्रम मला पहिल्या आणि तिसऱ्याच्या सीमेवर वाटतो.

तुमचे संख्याशास्त्र झालेले आहे. तिसऱ्या घराण्यात गेलात तर निम्मे शुल्क तुम्हाला येत असलेलेच पुन्हा शिकण्यात जाईल. ज्याची पदवी वाणिज्य किंवा कला शाखेची आहे त्याला तेच शिक्षण सोन्याच्या मोलाचे ठरेल. म्हणून ‘सर्वांत परवडणारे दहा अभ्यासक्रम’ अशा याद्यांवर माझा विश्वास नाही.

नावावरही जाऊ नये. टेक्सस ए अँड एम विद्यापीठाची ‘व्हिज्युअलायझेशन’ ही पदवी प्रसिद्ध आहे, पण तिची ख्याती अ‍ॅनिमेशन आणि चित्रपटांतल्या दृश्यपरिणामांसाठी आहे. आलेख आणि नकाशे शिकायला तिथे जाणाऱ्याचा हिरमोड होईल. युरोपात ‘व्हिज्युअल कंप्युटिंग’ या नावाखाली प्रतिमाप्रक्रिया, त्रिमितीय चित्रण आणि व्हिज्युअलायझेशन असे तिन्ही येते, आणि त्यांतले कोणते किती हे प्रत्येक विद्यापीठागणिक बदलते.

निकस अभ्यासक्रम ओळखण्याची माझी पद्धत अशी आहे. अभ्यासक्रमपत्रिका उघडून माणसाची नजर आलेख कसा वाचते यावर एखादा संपूर्ण विषय आहे का ते पाहावे. विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी १९८४ साली प्रयोगांनी दाखवून दिले की, एकाच मोजपट्टीवरची बिंदूंची स्थिती माणूस सर्वांत अचूक वाचतो, आणि कोन, क्षेत्रफळ, रंगाची गडद-फिकट छटा यांच्याकडे वळत गेले की अचूकता ढासळत जाते. हा निष्कर्ष दोन मिनिटांत सांगून होतो. विद्यार्थ्याकडून तसा प्रयोग करवून घेणारा, वाचक बसवून त्यांच्या चुका मोजायला लावणारा अभ्यासक्रम वेगळा. तुमचे जे दुखणे आहे, बैठकीतल्या माणसांना काय उमगते हे कळत नाही, त्यावरचे औषध नेमके तिथे मिळते. ज्या पत्रिकेत विषयांची नावे म्हणजे सॉफ्टवेअरची नावे असतील, ती बाजूला ठेवावी. टॅब्लो आणि पॉवर बीआय शिकायला पदवी लागत नाही.

खरडवही

रेघोटीताईंशी सहमत. अमेरिकेपुरते थोडे आकड्यांत सांगतो.

क्युनीचा अभ्यासक्रम ३० क्रेडिटचा आहे आणि विद्यापीठ सार्वजनिक असल्यामुळे राज्याबाहेरच्या विद्यार्थ्याचे शुल्कही एकूण पंचवीस हजार डॉलरच्या आसपास राहते. त्याच शहरात पार्सन्सचा अभ्यासक्रमही ३० क्रेडिटचा आहे, आणि तिथे शुल्क याच्या दुपटीपर्यंत किंवा त्याहूनही वर जाते. दोन्हीकडचे विद्यार्थी एकाच शहरातल्या नोकऱ्यांसाठी अर्ज करतात. पार्सन्सच्या नावाला डिझाइनच्या वर्तुळात वजन आहे हे खरे, परंतु त्या वजनासाठी आणखी पंचवीस-तीस हजार डॉलर मोजावेत असे मला वाटत नाही. क्युनीची मेखही सांगून ठेवतो : तिथले वर्ग मुख्यतः संध्याकाळी भरतात, कारण अनेक विद्यार्थी दिवसा नोकरी करणारे असतात. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या माणसाला दिवसा बाहेरची नोकरी करता येत नाही. शुल्क वाचते आणि भाडे खाऊन टाकते, कारण न्यूयॉर्कमध्ये राहण्याचा खर्च शुल्काला सहज गाठतो.

अर्ज करण्यापूर्वी प्रत्येक विद्यापीठाला ईमेलने एकच प्रश्न विचारावा : या पदवीचा सीआयपी क्रमांक (अमेरिकेच्या सरकारी वर्गीकरणातला विषयक्रमांक) कोणता आणि तो स्टेम म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व गणित यांच्या यादीत आहे का? शिक्षणानंतर १२ महिने काम करण्याची परवानगी सर्वांनाच मिळू शकते, पण आणखी २४ महिन्यांची वाढ फक्त त्या यादीतल्या पदव्यांना मिळते. एकसारख्या दिसणाऱ्या दोन पदव्यांपैकी एक डेटा अ‍ॅनालिटिक्सच्या क्रमांकाखाली नोंदलेली असते आणि दुसरी ग्राफिक डिझाइनच्या, आणि कर्ज फेडण्यासाठी हाती एक वर्ष असेल की तीन, हे त्या क्रमांकावर ठरते. माहितीपत्रकात हे ठळक लिहिलेले नसेल तर लेखी उत्तर मागून घ्यावे.

कॅम्पातला

स्पष्ट बोलतो, राग नसावा. या क्षेत्रात पदवी कोणी विचारत नाही. ब्राउझरमध्ये आलेख काढण्याचे डी३ मोफत आहे, संख्याशास्त्राची आर ही भाषा मोफत आहे, टॅब्लो पब्लिक मोफत आहे. वर्षभर रोज संध्याकाळी बसून वीस उत्तम आलेख करावेत आणि संकेतस्थळावर टाकावेत. पंधरा लाख वाचतील.

रेघोटी

राग नाही, आणि ज्याला नोकरी बदलण्यापुरते कौशल्य हवे आहे त्याला मीही हेच सांगेन. परंतु धागाकर्तीचे वाक्य पुन्हा वाचावे : तपासून सांगणारे कोणी नाही. वीस आलेख एकट्याने करता येतात, पण त्यांतला सातवा का फसला हे सांगणारा माणूस मोफत डाउनलोड होत नाही. डिझाइनच्या शाळेत दर आठवड्याला काम भिंतीवर लावून सर्वांसमोर त्याची चिरफाड होते, आणि शुल्काचा मोठा वाटा खरे तर त्यासाठीच असतो. म्हणून मी प्रत्येक अभ्यासक्रमाला विचारते की एका शिक्षकामागे विद्यार्थी किती आहेत आणि अंतिम प्रकल्पाला मार्गदर्शक पूर्णवेळ शिक्षक असतो की तासिका तत्त्वावरचा. एका खासगी संस्थेत (नाव घेत नाही) आमच्या परिचयातल्या मुलीच्या अंतिम प्रकल्पाचा मार्गदर्शक सत्राच्या मधोमध बदलला आणि नव्या मार्गदर्शकाला नकाशाशास्त्राचा गंधही नव्हता. शुल्क मात्र पूर्ण घेतले.

हिशेबनीस

मी बँकेत कर्ज विभागात काम करून निवृत्त झालो आहे, तेव्हा माझ्या प्रांतापुरते लिहितो.

चाळीस लाखांचे कर्ज साडेदहा टक्क्यांनी दहा वर्षांत फेडायचे म्हटले तर मासिक हप्ता सुमारे ५४ हजार रुपये येतो आणि एकूण परतफेड ६४ लाख ७५ हजारांच्या आसपास जाते. पंधरा लाखांच्या कर्जाला त्याच दराने आणि मुदतीने हप्ता साधारण २० हजार २५० रुपये बसतो. शिक्षणकाळात आणि त्यानंतरच्या सवलतीच्या वर्षात साचणारे व्याज मी यात धरलेले नाही. ते धरले तर दोन्ही आकडे वर सरकतात. आता स्वतःला असे विचारावे की परदेशात नोकरी मिळाली नाही आणि पुण्यात परत यावे लागले, तर इथल्या पगारातून ५४ हजार निघतील का? वीस हजार निघतील का? परदेशी पगार गृहीत धरून केलेला हिशेब हा हिशेब नव्हे, ती इच्छा आहे. अमेरिकेचेच पाहा : सप्टेंबर २०२५ मधल्या घोषणेने नव्या एच-१बी म्हणजे नोकरीच्या व्हिसाच्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क आले. तिथेच शिकत असलेल्यांना त्यातून सूट असल्याचा खुलासा नंतर झाला, तरी दोन वर्षांच्या पदवीच्या मुदतीत नियम किती फिरू शकतात हे त्यावरून दिसते.

तारणाबाबत : सरकारी बँका साडेसात लाखांपर्यंत सहसा तारण मागत नाहीत, त्यापुढे घर, भूखंड किंवा मुदत ठेव मागतात. बिगर-बँक वित्तसंस्था तारणाशिवाय मोठी रक्कम देतात, पण व्याजदर चढा असतो आणि शिक्षण चालू असतानाच व्याजाचा हप्ता सुरू करण्याची अट अनेकदा असते. करारपत्रातले हे कलम आधी वाचावे. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आठ वर्षांपर्यंत करवजावट मिळते, मात्र ती जुन्या करप्रणालीतच. नवी करप्रणाली घेतलेल्यांनी ही वजावट धरून मांडलेली गणिते फाडून टाकावीत.

तुम्ही घर तारण ठेवायचे नाही म्हणता ते मला पटते. मग तुमची खरी मर्यादा बचत अधिक साडेसात लाख एवढीच समजा.

आडवीउभी

हिशेबनीसकाका, मनापासून आभार. बचत सहा लाखांच्या थोडी वर आहे, म्हणजे हाती साडेतेरा-चौदा लाख येतात. या आकड्यात अमेरिकेत जाऊन शिकणे बसत नाही, हे आता स्वच्छ दिसते. जर्मनीत शुल्क नसते असे नेहमी ऐकते. तिथे हा विषय इंग्रजीतून शिकता येतो का?

दोनदाकुलूप

मी शनिवार पेठेतून थेट जर्मनीत आलो, तेव्हा अनुभवातून लिहितो. ‘शुल्क नसते’ हे अर्धेच खरे आहे. बहुतेक राज्यांतल्या सार्वजनिक विद्यापीठांत नसते; पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून प्रत्येक सत्राला १,५०० युरो द्यावे लागतात, आणि व्हिज्युअलायझेशनच्या संशोधनासाठी नावाजलेले श्टुटगार्ट विद्यापीठ नेमके त्याच राज्यात आहे. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून अशा विद्यार्थ्यांना शुल्क लावले असून पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी ते प्रत्येक सत्राला चार ते सहा हजार युरो आहे. नॉर्वेही २०२३ पासून शुल्क घेतो. त्यामुळे पाच वर्षांपूर्वीचे लेख वाचून बेत आखू नये.

दुसरी अडचण भाषेची. डिझाइनच्या अंगाने या विषयात जर्मनीत पॉट्सडामच्या उपयोजित विज्ञान विद्यापीठाचे काम फार चांगले आहे, परंतु अशा ठिकाणी शिकवणे मुख्यतः जर्मनमधून चालते आणि भिंतीवर लावलेल्या कामाची चिरफाडही जर्मनमधूनच होते. इंग्रजी माध्यम हवे असेल तर संगणकशास्त्राचे घराणे उरते. त्यात तुमच्या खर्चमर्यादेत मला जर्मनीपेक्षा शेजारच्या ऑस्ट्रियातले व्हिएन्ना सर्वांत योग्य वाटते : तिथल्या तांत्रिक विद्यापीठाचा व्हिज्युअल कंप्युटिंगचा अभ्यासक्रम १२० ईसीटीएसचा (युरोपीय क्रेडिटचा) आहे आणि बाहेरच्या विद्यार्थ्याला प्रत्येक सत्राला सुमारे ७२७ युरो पडतात. चार सत्रांचे मिळून तीन हजार युरोही होत नाहीत. मात्र प्रवेशासाठी संगणकशास्त्राचा पाया तपासला जातो. संख्याशास्त्राच्या पदवीवर पूरक विषय करायला सांगण्याची शक्यता धरून चाला.

तिसरी गोष्ट राहण्याच्या खर्चाची. जर्मन व्हिसासाठी सध्या वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२, अडकवलेल्या खात्यात दाखवावे लागतात. रुपयांत ते बारा लाखांच्या घरात जाते. हा पैसा तुमचाच असतो आणि दर महिन्याला तुम्हालाच मिळतो, पण जाण्याच्या दिवशी तो हातात असावा लागतो. दुसऱ्या वर्षाचा खर्च बहुतेक विद्यार्थी अर्धवेळ कामातून काढतात. जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करण्याची मुभा आहे. जमते, पण पहिल्या वर्षी काम मिळेलच असे नाही, आणि त्यातून अभ्यासाचे तास जातात हेही खरे.

बंगळुरूवासी_सदाशिव

सर्वांनी परदेशाचाच विचार केलेला पाहून थोडे आश्चर्य वाटले. पैशाचे चीज म्हणायचे तर आयआयएससीहून वरचढ काय आहे? तिथल्या संगणकशास्त्र विभागात व्हिज्युअलायझेशन आणि ग्राफिक्सची स्वतंत्र प्रयोगशाळा आहे, आयआयआयटी बंगळुरूतही या विषयावर काम चालते, आणि गेट परीक्षेतून एम.टेक.ला प्रवेश मिळालेल्यांना दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. अडचण एवढीच की गेटची दारे अरुंद आहेत आणि ते काम बरेच गणिती आहे. आलेख वाचणाऱ्या माणसापेक्षा आलेख काढणाऱ्या अल्गोरिदमकडे तिथे अधिक लक्ष असते.

धागाकर्तीचा प्रश्न वाचकाबद्दल असल्याने त्यांनी एनआयडीकडे आधी पाहावे. बंगळुरू केंद्रातला इन्फर्मेशन डिझाइनचा एम.डेस. अडीच वर्षांचा आहे आणि त्यासाठी डीएटी ही प्रवेशपरीक्षा पूर्व व मुख्य अशा दोन टप्प्यांत होते. पवईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइन विभागात इंटरॅक्शन आणि कम्युनिकेशन डिझाइनच्या अंगाने हा विषय करता येतो, तिथे सीड परीक्षा लागते. सीड उत्तीर्ण होणे आणि एखाद्या संस्थेच्या पात्रतेत बसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तीन वर्षांच्या पदवीबाबत प्रत्येक संस्थेचे नियम निराळे असल्याने अर्जाआधी ते वाचून घ्यावेत. दोन्ही परीक्षांत चित्रकला आणि निरीक्षण तपासले जाते. संख्याशास्त्राचे विद्यार्थी इथेच बिचकतात, पण सुबक चित्रापेक्षा विचार कागदावर उतरवता येतो का हे तिथे पाहतात.

वेताळटेकडी

पुण्यातलेच पर्याय कोणी सांगितले नाहीत म्हणून थोडक्यात लिहिते. मॉडेल कॉलनीतल्या सिंबायोसिस इन्स्टिट्यूट ऑफ जिओइन्फर्मॅटिक्समध्ये डेटा सायन्स आणि स्पेशिअल अ‍ॅनालिटिक्सचा एम.एस्सी. आहे, ज्याला नकाशांत रस आहे त्याने तो जरूर पाहावा. सी-डॅकची बिग डेटा अ‍ॅनालिटिक्समधली सहा महिन्यांची पदव्युत्तर पदविका आहे, तिला सी-कॅट परीक्षेतून प्रवेश मिळतो आणि त्यात व्हिज्युअलायझेशनचा भाग आहे, पण तो भागच आहे. तुमच्यासारख्या एम.एस्सी. झालेल्या आणि नोकरीत असलेल्या व्यक्तीने ती पदविका करू नये असे माझे मत आहे.

खरडवही

ऑनलाइनचा मुद्दा राहून गेला होता. जॉर्जिया टेकची अ‍ॅनालिटिक्समधली ऑनलाइन एम.एस. २०१७ साली सुरू झाली. ती ३६ क्रेडिटची असून सुरुवातीला संपूर्ण पदवीचे शुल्क दहा हजार डॉलरच्या आत ठेवलेले होते. ‘डेटा अँड व्हिज्युअल अ‍ॅनालिटिक्स’ हा तिथला गाभ्याचा विषय आहे. त्याच्या गृहपाठात डी३ आणि टॅब्लोपासून मोठ्या विदासंचांवरच्या (विदा म्हणजे डेटा) कामापर्यंत बरेच काही येते आणि तो अभ्यासक्रमातल्या जड विषयांपैकी एक मानला जातो. नोकरी न सोडता होते, शुल्क सत्रागणिक भरता येते, म्हणजे कर्जाचीही गरज पडणार नाही. उणीव रेघोटीताईंनी आधीच सांगितली आहे : एका वेळी शेकडो विद्यार्थी असतात आणि तपासणी मुख्यतः सहायकांकडून व ठरलेल्या निकषांनी होते. तुमचा कोड चालतो की नाही हे नक्की कळेल, आलेख बोलतो की नाही हे कदाचित कळणार नाही. आणि या पदवीवर अमेरिकेचा विद्यार्थी व्हिसा मिळत नाही.

काजळकाठ

शिष्यवृत्तीबद्दल एक भर घालतो. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांसाठी राज्याच्या समाजकल्याण विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे आणि तिचे कामकाज आपल्या पुण्यातल्या आयुक्तालयातून चालते. तिला विद्यापीठांच्या क्यूएस जागतिक क्रमवारीची अट आहे. या विषयात ती अट आडवी येते, कारण निव्वळ कला-डिझाइन शिकवणाऱ्या स्वतंत्र संस्था त्या सर्वसाधारण क्रमवारीत धरल्याच जात नाहीत, मग त्या कितीही नामांकित असोत. या योजनेतून जाणाऱ्याने अभ्यासक्रम आवडल्यावर क्रमवारी पाहण्याऐवजी क्रमवारीतली विद्यापीठे समोर ठेवून त्यांत हा विषय शोधावा. इतरांसाठी १८९२ पासून चालत आलेली जे. एन. टाटा एंडोमेंटची कर्ज-शिष्यवृत्ती आहेच.

आडवीउभी

सर्वांचे प्रतिसाद एका वहीत उतरवून घेतले आहेत. आता मला एनआयडी, व्हिएन्ना आणि जॉर्जिया टेक हे तीनच पर्याय खरे वाटतात. एनआयडीसाठी कामाचा नमुनासंच लागेल, आणि कंपनीत केलेले काम गोपनीयतेमुळे दाखवता येणार नाही. काय करावे?

रेघोटी

गोपनीयतेची चिंताच नको, पुण्याचा विदा घ्यावा. खडकवासला साखळीतल्या चार धरणांचा, म्हणजे खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर यांचा, एकूण उपयुक्त साठा २९.१५ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे आणि पावसाळ्यात त्याचे रोजचे आकडे जाहीर होतात. वर्तमानपत्रात ‘धरणे अमुक टक्के भरली’ असे छापून येते, पण त्यातून चार धरणांच्या आकारांतला फरक दिसत नाही : खडकवासला काठोकाठ भरले तरी एकूण साठ्यात पडणारी भर पानशेत-वरसगावच्या तुलनेत थोडी असते. टक्के आणि घनफूट एकाच वेळी कसे दाखवावे, हा परीक्षकाला थांबवून पाहायला लावणारा प्रश्न आहे.

दुसरा विषय शहराच्या हद्दीचा. महापालिकेत २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे आली, पण हाती असलेली सविस्तर जनगणना २०११ ची आहे. दोन सालांची लोकसंख्येची घनता शेजारीशेजारी रंगवणारा नकाशा हद्द बदलल्याची दखल घेत नसेल तर तो दिशाभूल करतो. ती दखल तुम्ही कशी घेतलीत, हे नकाशासोबत पानभर लिहावे. निवड समितीला तयार चित्राइतकीच टाकून दिलेली चित्रेही पाहायची असतात, म्हणून कच्चे आराखडे फेकू नयेत.

आणि काम मराठीतच करावे. पायथन भाषेतल्या, आलेख काढणाऱ्या मॅटप्लॉटलिबच्या अनेक आवृत्त्यांत देवनागरी टाकली की नेहमीच्या मांडणीत जोडाक्षरे फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते. ब्राउझरमध्ये डी३ वापरून केलेल्या आलेखात हा त्रास होत नाही, कारण अक्षरजुळणी ब्राउझर करतो. लाख-कोटींचे स्वल्पविरामही डी३मध्ये गटांची रचना सांगून बसवता येतात. अवांतर : सरकारी अहवालांतले आलेख एवढे जरी पाळते तरी पुष्कळ झाले असते.

कॅम्पातला

रेघोटीताई, हे सगळे केल्यावर पदवीची गरज उरते का, हा माझा प्रश्न कायम आहे.

रेघोटी

काही जणांना उरणार नाही, आणि ते सहा महिन्यांनी त्यांचे त्यांनाच कळेल. म्हणूनच मी आधी हे करायला सांगते. कर्ज काढल्यावर कळण्यापेक्षा ते बरे.

हिशेबनीस

तीन पर्यायांचे खर्च शेजारी मांडताना सोडलेल्या पगाराचा रकानाही ठेवावा. एनआयडीत अडीच वर्षे आणि व्हिएन्नात दोन वर्षे पगार नाही. जॉर्जिया टेकमध्ये तो चालू राहतो. अनेकदा शुल्कापेक्षा हाच आकडा मोठा निघतो आणि कोणत्याही माहितीपत्रकात तो छापलेला नसतो.

आडवीउभी

काका, तो रकाना भरला आणि व्हिएन्नाचा पर्याय एकदम महाग दिसू लागला, तरी यादीतून काढलेला नाही. सध्या असे ठरवले आहे की धरणांचा प्रकल्प हाती घ्यायचा, त्याच्या जोरावर या वर्षी एनआयडीची डीएटी द्यायची आणि प्रवेश न मिळाल्यास नोकरी सांभाळून जॉर्जिया टेकला अर्ज करायचा. दोनदाकुलूप, पुढेमागे जर्मनीचा विचार झालाच तर कागदपत्रांना किती आधी लागावे?

दोनदाकुलूप

एपीएस प्रमाणपत्राला, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रे तपासल्याच्या जर्मन दाखल्याला, सर्वांत आधी लागा. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना जर्मन विद्यार्थी व्हिसासाठी ते बंधनकारक आहे, आणि अनेक विद्यापीठे प्रवेशअर्जासोबतच मागतात. विद्यापीठाकडून मूळ गुणपत्रके आणि पदवी प्रमाणपत्र आधीच मिळवून ठेवा. पदवी प्रमाणपत्रासाठी अर्ज केलेला नसेल तर तो याच आठवड्यात करा.

आडवीउभी

केलेला नाही. सोमवारी विद्यापीठात जाऊन येते.